न सांगता

"काय होतंय तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं, आणि तिच्या मांडीवरची पिशवी घसरून खाली पडली. पिशवीत फुटण्यासारखं काही नव्हतं. चष्म्याची डबी, रुमाल, घराच्या किल्ल्या. पण किल्ल्यांचा आवाज त्या लहानशा खोलीत फार मोठा झाला, आणि डॉक्टरांच्या शेजारी बसलेल्या सिस्टरनं वाकून पिशवी उचलून दिली. तिथं सिस्टर बसलेली असणं हेच आधी नवीन. इतकी वर्षं या खोलीत डॉक्टर, टेबल, तपासायची खाट आणि आपण, एवढंच असायचं. पण तेही तिनं चालवून घेतलं असतं. हा प्रश्न तेवढा नको होता. बाहेर बाकावर बसणाऱ्या सगळ्यांना डॉक्टर तो विचारत असतील. तिला त्यांनी आजवर कधी विचारला नव्हता. ती आत यायची, पिशवी मांडीवर घेऊन गप्प बसायची, डॉक्टर चष्म्यावरून तिच्याकडे थोडा वेळ बघायचे आणि म्हणायचे, "पहाटे जाग येते ना? आणि मग छताकडे बघत पडून राहता." किंवा, "गुडघा गुडघा म्हणाल, पण लेक परदेशी गेल्यापासून तुम्ही धड जेवत नाही आहात." तिच्या अंगावर काटा यायचा. घरी येईपर्यंत तो काटा ती जपून आणायची, एखाद्यानं भरलेली वाटी हिंदकळू न देता आणावी तशी. आपल्याला कुणीतरी आरपार पाहिलं आहे, आणि त्या पाहणाऱ्याला आपल्याला एक शब्दही द्यावा लागलेला नाही, यात औषधाइतकाच गुण होता.

"काही नाही," ती म्हणाली. "सहज आले. नेहमीचं तपासून घ्यावं म्हटलं."

डॉक्टरांनी मान डोलावली. हेसुद्धा नवीन. तिचं 'काही नाही' त्यांनी पूर्वी कधी खरं मानलं नसतं.

"मग असं करू," ते म्हणाले, "सिस्टर आधी प्रेशर आणि वजन बघतील. मग गोळ्यांचं बघायला आपल्याकडे आता एक बाई आहेत, त्यांच्याकडे जा. मग आहाराच्या बाई. आणि शेवटी आपण सगळे मिळून बसू. आता इथं असंच करतो आम्ही. एकट्याला सगळं दिसत नाही हो." आणि ते हसले. त्यांचे केस वर्षभरात पुष्कळ पिकले होते. तिला ते हसणं मुळीच आवडलं नाही. उद्या देवानंही असंच म्हणायचं काय, की बाई गं, मला एकट्याला झेपत नाही, तू आपली चार खिडक्यांवर जाऊन ये?

बाहेरच्या व्हरांड्यात भिंतीला लागून बाक होता. समोर चार दारं. पूर्वी एकच दार होतं, आणि त्या दाराकडे तोंड करून बसलं की वाट बघणंसुद्धा सरळ रेषेत व्हायचं. आता मान कुठं वळवावी ते कळेना. हे गेल्यापासून ती इकडे फिरकली नव्हती. 'हे' म्हणजे नवरा. लग्न झाल्यापासून तिनं त्याला दुसरं काहीच म्हटलं नव्हतं, आणि तो गेल्यावर तर त्या दोन अक्षरांना कुठं चिकटवावं तेच समजेनासं झालं होतं. वर्षभर शेजारची बाई तिच्या नेहमीच्या गोळ्या आणून देत होती. तेवढ्यात इकडे भिंती पडल्या, दारं झाली, आणि डॉक्टर विचारायला लागले.

तिच्या शेजारी पेन्शनवाले काका येऊन टेकले. त्यांना सगळे तसंच म्हणत; कुठल्या खात्यातली पेन्शन ते कुणाला माहीत नव्हतं, पण त्या पेन्शनवर ते पुष्कळ बोलत. "बऱ्याच दिवसांनी," ते म्हणाले. "बघितलीत का ही नवी सर्कस? मला फार आवडते. पूर्वी एका माणसाशी खोटं बोलून भागायचं. आता चौघांशी बोलावं लागतं, आणि कुणाला काय सांगितलं ते लक्षात राहत नाही. शेवटी कंटाळून खरं सांगून टाकतो."

ती हसली नाही. "तुम्हाला बरं वाटतं, रोज नवं तोंड?"

"नवं कुठलं? सिस्टरला माझी आई कुठल्या दुखण्यानं गेली ते पाठ आहे. डॉक्टरांना विचारून बघा, ते म्हणतील, 'तुमची आई गेली?'" काकांनी पाय लांब केले. "आहारवालीशी मात्र जपून हां. गोड बोलते आणि गोड सोडायला लावते."

काकांचं असंच. त्यांच्याजवळ लपवायला काही नव्हतं, किंवा जे होतं त्याचं त्यांना ओझं होत नव्हतं. तिचं तसं नव्हतं. ती शिवणकाम करायची; नवं शिवायचं नाही, बिघडलेलं बसवून द्यायचं. कापडाच्या एका मोठ्या दुकानाच्या मागच्या अंगाला, गोदामाच्या दाराशी तिचं मशीन होतं, आणि पुढ्यात उभा आरसा. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहायचं आणि ती तोंडात टाचण्या धरून त्याच्याभोवती गुडघ्यावर फिरायची. तोंडात टाचण्या असल्या की बोलता येत नाही, आणि गरजही नसे. "धुतल्यावर आटलाय हो कोट," गिऱ्हाईक म्हणायचं आणि ती मान डोलवायची. कोट आटलेला नसायचा. एका बाईच्या पोटात बाळ आहे हे त्या बाईच्या सासूआधी हिच्या टेपला कळलं होतं. एका गृहस्थाचा कोट ती दरवेळी थोडा थोडा आत घेत गेली. त्यानं दुखण्याचं नाव काढलं नाही, हिनं विचारलं नाही. फक्त आत घेताना जादा कापड ती कापायची नाही, शिवणीत माया सोडून ठेवायची, पुन्हा अंग भरलं तर उसवून मोठा करता यावा म्हणून. शेवटच्या खेपेला त्यानं कोट उलटा करून आतली ती दुमड बोटानं चाचपली आणि तिच्याकडे बघून नुसती मान लववली. अशा मान लववण्यावर तिचा जन्म गेला होता. ज्याला काम येतं त्याला विचारावं लागत नाही, असं तिचं पक्कं मत. विचारणं म्हणजे न येणं.

"चला आजी," सिस्टरनं दार उघडून हाक मारली. सिस्टर तिच्या लेकीच्या वयाची, मनगटावर पेनाचे डाग. खोलीत वजनाचा काटा, पडदा, आणि हात धुवायच्या बेसिनवर साबणाची बाटली. दंडाला पट्टा आवळताना सिस्टरनं सहज तिचा डावा हात उचलला आणि ती आक्रसली. "उजव्या हाताला लावा," ती म्हणाली, जरा मोठ्यानं.

"दुखतोय का डावा?"

"नाही. सवय आहे उजव्याची."

सिस्टर दुसऱ्या बाजूला गेली. पट्टा फुगत गेला, दंड आवळला, आणि त्या आवळण्यात तिला वाटलं की आता आपल्या आतलं सगळं वर येणार, हिवाळा सरताना अंघोळ करताना साबणाचा हात जिथं अडला ते सगळं. काखेच्या जरा खाली, छातीच्या कडेला. आधी वाटलं, कपड्याची शिवण रुतली असेल. मग तिनं बोटांनी मापलं. बोटांना मापायची सवय होती, डोळ्यांआधी त्यांनाच कळायचं. हरभऱ्याएवढं, कठीण, दुखत नव्हतं. पुढे पुढे दाबलं की जागचं हलेनासं झालं. तिनं डाव्या बाजूनं सगळे कपडे उसवून सैल केले, जणू अडचण कपड्यांची होती. लेकीला फोनवर हवापाणी सांगितलं. कुणालाच काही बोलली नाही, पण हातावर हात ठेवूनही बसली नाही. तिनं मनाशी एक ठरवलं. डॉक्टरांकडे जायचं आणि गप्प बसायचं. काही वाईट असेल तर ते ओळखतीलच. चष्म्यावरून बघतील आणि म्हणतील. आणि नाहीच म्हणाले, तर त्याचा अर्थ काही नाही. हे तिला इतकं न्याय्य वाटलं होतं की त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

अशा ठरवण्याला तिच्या मते मोठा आधार होता. प्रार्थनेला ती नेमानं जायची. तिथं एक वृद्ध बुवा गाऊन निरूपण करायचे. आवाज फाटलेला, पण फाटक्या जागेतूनच काहीतरी आत यायचं. एकदा ते उभ्या उभ्या तास दोन तास एकच ओळ फिरवत राहिले, त्याला न सांगता कळतं, त्याला न सांगता कळतं. मागे उभे असलेले चार जण ती उचलून धरायचे, बुवांचा श्वास संपला की त्यांच्या श्वासावर ओळ पुढे जायची, आणि ती डोळे मिटून रडत होती. परतताना रस्ताभर ती त्याच धुंदीत. हे मात्र म्हणाले, "देवाचं ठीक आहे गं. त्याला दुसरा उद्योग काय?" ती इतकी चिडली की फाटकापर्यंत बोलली नाही. यांना कशाचंच काही नसायचं. लिफ्ट दुरुस्त करायचे. हातांना कायम ग्रीसचा वास, बोलणं मोजकं. आणि ती डॉक्टरांकडून तो काटा अंगावर घेऊन घरी यायची आणि यांच्यासमोर उभी राहून सुनवायची, "त्या परक्या माणसाला माझ्या तोंडाकडे बघून कळतं. आणि तुम्ही! एका छपराखाली राहून तुम्हाला पत्ता नाही." त्यावर ते म्हणायचे, "डॉक्टर माणसाचं शिकलेत. मी लिफ्टचं. माणसाचं बटण कुठं असतं मला काय ठाऊक?" आणि पेपर उघडायचे. दरवेळी हेच. तिला त्या पेपराचा राग यायचा.

गोळ्यांच्या बाईंनी टेबलावर गोळ्यांची पाकिटं मांडायला लावली आणि एकेक उचलून बघितलं. तरुण, गंभीर, बोलताना पाकिटाकडे बघणाऱ्या. "ही रात्रीची उरलीय पुष्कळ," त्या म्हणाल्या. "विसरता, की नको वाटते?"

"नको वाटते."

"का?"

त्या गोळीनं गाढ झोप लागते आणि गाढ झोपेत कूस बदलली की तिथं दाबलं जातं, आणि जाग आली की आधी हात तिकडेच जातो. "उगाच," ती म्हणाली. बाई रागावल्या नाहीत, नुसतं "बरं" म्हणून त्यांनी काहीतरी टिपलं. आहाराच्या बाईंनी, काय खाता, हे न विचारता, कुणाबरोबर जेवता, हे विचारलं. ती म्हणाली, "खिडकीपाशी." मग आपण काय बोललो ते ऐकून स्वतःच ओशाळली. बाई हसल्या नाहीत. "खिडकीपाशी किती जातं पोटात?" त्यांनी विचारलं, आणि तिला एकदम या सगळ्यांचा राग आला. कारखान्यातला तयार सदरा असतो तसं चाललं होतं: एकीनं कॉलर लावायची, एकीनं बाह्या, एकीनं काज करायची, आणि सदरा कुणाचाच नाही. एकीला प्रेशर दिलं, एकीला गोळ्या, एकीला खिडकी; आणि जे द्यायचं होतं ते कुणाच्याच खात्यात येत नव्हतं. असं असूनही तिला आतून सुटल्यासारखंही वाटत होतं. कुणालाच दिसलं नाही. म्हणजे नाही. ठरवलं होतं तसंच झालं. आता शेवटचं ते मिळून बसणं उरकलं की घरी, आणि घरी जाऊन उसवलेल्या शिवणी परत घालायला हरकत नाही.

मिळून बसायची खोली म्हणजे गोल टेबल आणि वेगवेगळ्या घरांतून आणल्यासारख्या खुर्च्या. डॉक्टर, सिस्टर, गोळ्यांच्या बाई, आहाराच्या बाई, आणि ती. इतक्या माणसांनी एकाच वेळी तिच्याकडे लग्नानंतर पाहिलं नव्हतं. प्रेशर चढलेलं होतं. वजन बरंच उतरलं होतं. रात्रीची गोळी घेत नाहीत. जेवण पाखरासारखं. सिस्टर म्हणाली, "आणि डावा हात लावू देत नाहीत." पाच जणांच्या मध्ये ते तुकडे पडून राहिले, आणि तिच्या ध्यानात आलं की आपल्याला वाटलं तेवढं काही लपलेलं नाही. कापड नुसतं अंगावर धरलंय, टाचायचं बाकी आहे.

डॉक्टर पुढं वाकले. "हे बघा," ते म्हणाले, "मी विचारतोय तर सांगा. पूर्वी ठीक होतं, पूर्वी मला फोन यायचा."

"कुणाचा फोन?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. त्यांना वाटलं होतं तिला माहीत असेल. ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं, आणि मग तिला माहीत नाही हेही त्यांना दिसलं. "तुमच्या घरातून," ते हळू म्हणाले. "तुम्ही यायच्या आधी ते नेहमी फोन करायचे. म्हणायचे, ती येतेय, काही सांगणार नाही, पण रात्र रात्र झोपत नाही, तेवढं तुम्ही विचारा. आणि मी सांगितलं म्हणू नका हां डॉक्टर, तिला वाईट वाटेल. मी म्हटलं त्यांना एकदा, अहो, तुम्हीच का नाही बोलत तिच्याशी? तर म्हणाले, तुमच्या तोंडून तिला आवडतं."

खोलीत पंखा फिरत होता. तिनं त्याच्याकडे बघितलं, कारण कुठंतरी बघायला हवं होतं. दवाखान्यात जायचं ठरलं की हे हटकून चप्पल घालायचे. "पातं आणतो दाढीचं." आणि जिना उतरून जायचे. हे वारल्यावर कपाट आवरताना पात्यांची न फोडलेली पाकिटं खणभर निघाली तेव्हा तिला हसू आलं होतं, म्हातारपणी माणूस काय काय साठवतं. पहाटे छताकडे बघत पडलेली असताना शेजारी हे कुशीवर, पाठ तिच्याकडे, श्वास एकसारखा. तिला वाटायचं, काय झोपतात. झोपलेल्या माणसाचा श्वास इतका एकसारखा असतो का? तिला इतकी मापं कळायची, आणि हे माप तिनं कधी घेतलं नाही. आणि दरवेळी घरी येऊन तिनं त्यांनाच सुनवलं होतं. त्यांचेच शब्द परक्याच्या तोंडून ऐकून आल्यावर, त्यांच्यासमोर उभं राहून, तुम्हाला पत्ता नाही म्हणून. आणि ते म्हणायचे, बटण कुठं असतं मला काय ठाऊक. आणि पेपर उघडायचे. पेपरामागे त्यांचा चेहरा कसा असेल? ते तिला काही केल्या दिसेना. दुखावलेला असेल, की मिस्कील? बहुधा मिस्कील. तसाच असू दे, देवा, ती मनात म्हणाली, आणि आपण आज कितीतरी वर्षांनी देवाकडे काहीतरी मागितलं हे तिला जाणवलं. एरवी ती हात जोडून नुसती उभी राहायची. त्याला कळतंच, म्हणून. कळत असेलही. पण ते कळणं आभाळातून पडत नसेल. ते असंच कुणाच्या तरी पायांनी जिना उतरून जात असेल, कोपऱ्यावरच्या दुकानात उभं राहून, ग्रीसच्या वासाच्या हातात फोन धरून, खालच्या आवाजात बोलत असेल. आणि मग येताना आठवणीनं एक पातं विकत घेत असेल.

"पाणी देऊ?" आहाराच्या बाईंनी विचारलं.

"नको."

तिला राग आला होता, हसू आलं होतं, आणि भीती वाटत होती. आणि या तिघांत भीती सगळ्यांत जुनी होती. कारण आता ते ठरवलेलं कुठंच टिकत नव्हतं. डॉक्टरांनी ओळखलं नाही याचा अर्थ 'काही नाही' असा नव्हता. त्याचा अर्थ एवढाच होता की फोन आला नाही. आता येणारही नव्हता. समोर चार माणसं होती, भली माणसं, आणि त्यांच्यापैकी एकालाही ती झोपेत कशी कूस बदलते हे माहीत नव्हतं. ती आत्ता उठली असती, "बरं, येते" म्हणाली असती, तर त्यांनी काळजीनं मान डोलावून पुढच्या महिन्याची वेळ दिली असती. डॉक्टर तिच्याकडे बघत होते, चष्मा हातात, आणि चष्म्याशिवाय त्यांचे डोळे अगदी साधे, थकलेले, थोडे मिचमिचे होते. त्या डोळ्यांना काहीही आरपार दिसण्यासारखं नव्हतं. तिला त्यांची एकदम माया आली. बिचारे इतकी वर्षं दुसऱ्याच्या निरोप्याचं काम करत होते, आणि त्यांनी ते कधी चुकवलं नव्हतं.

"सिस्टर," ती म्हणाली. "मघाच्या खोलीत येता?"

खुर्ची मागं सरली. बाकीचे बसून राहिले. कुणी विचारलं नाही. मघाच्या खोलीत सिस्टरनं दार लावलं, पडदा ओढला, हात धुतले आणि पुसून एकमेकांवर चोळून गरम केले. तिनं बटणं काढली. मग तिनं सिस्टरचा हात धरून स्वतःच नेला, काखेच्या जरा खाली. "इथं," ती म्हणाली. "हिवाळ्यापासून."

सिस्टरची बोटं हळूहळू फिरली, एका जागी थांबली, पुन्हा फिरली. तिच्या चेहऱ्यात काही बदललं नाही, पण बोटं थांबली होती ते तिला कळलं. बाहेर काका कुणाला तरी काहीतरी सांगून स्वतःच हसत होते.

"बरं झालं दाखवलंत," सिस्टर म्हणाली. "घाला कपडे. लगेच पुढच्या तपासण्या करायला लागतील. तुम्ही बसा इथंच शांत, मी आत जाऊन डॉक्टरांना सांगते."

तिनं खालचं बटण लावलं, मग वरचं. मग पिशवी उचलली.

"तुम्ही नका सांगू," ती म्हणाली. "मी सांगते."